ब्लॅक बुकातले न वाचलेले पेपर

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या लास्ट इयरची पोरं आणि त्यांची फी भरणारे आईबाप, दोघांनीही ही पोस्ट वाचा.

सबमिशनचे दिवस आले की प्रोजेक्ट रेडिमेड मिळतो. काही हजार मोजा. कोड, पीपीटी, सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक, सगळं हातात. शेवटच्या पानावर रेफरन्स म्हणून रिसर्च पेपरांची यादी. बातमीसाठी एका कॉलेजच्या प्रदर्शनात गेलो होतो, तिथे चार ग्रुपना विचारलं, यातला एक तरी वाचलाय का? एक जण म्हणाला, "सर, ते सेंटरवालाच टाकून देतो." पोरगा खरं बोलला, राग नाही आला. राग आला तो खाली सही करणाऱ्या गाइडचा.

आता २००२ सालचं आयआयटी कानपूर बघा. नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, बी.टेक.ची दोन पोरं. लास्ट इयरचा प्रोजेक्ट काय, तर दिलेली संख्या मूळ आहे का हे झटपट आणि शंभर टक्के खात्रीने कसं तपासायचं. डिग्री झाली तरी दोघं प्राध्यापक मणिंद्र अग्रवाल यांच्याबरोबर त्याच प्रश्नाला चिकटून राहिले. ऑगस्टमध्ये तिघांचा पेपर आला, 'प्राइम्स इज इन पी'. जगभरचे गणिती थक्क. २००६ मध्ये गोडेल पुरस्कार. लास्ट इयरचा प्रोजेक्ट होता हो हा!

ती आयआयटीची पोरं, असं म्हणाल. मान्य. मग सोप्यापासून सुरू करा.

युनिक्स बनवणाऱ्या केन थॉम्पसन यांचा १९८४ चा 'रिफ्लेक्शन्स ऑन ट्रस्टिंग ट्रस्ट'. फक्त तीन पानं. मी जर्नालिझमचा डिप्लोमावाला, मलाही समजला. तुमचा कोड मशीनच्या भाषेत आणतो तो कंपायलर. थॉम्पसन दाखवतात की त्या कंपायलरमध्येच चोरवाट ठेवता येते. तो लॉगिनचा प्रोग्राम कंपाइल करताना गुपचूप एक जादा पासवर्ड चालू करून देतो. पुढची गंमत म्हणजे कंपायलरची नवी प्रत बनवतानाही तो हीच लबाडी तिच्यात उतरवतो. मग सोर्स कोडमधून खुणा पुसून टाका. कोड ओळ न् ओळ वाचा, स्वच्छ दिसेल, आणि चोर आतच!

आम्हा पत्रकारांना सोर्स तपासायला शिकवतात. इथे तर सोर्स तपासूनही भागत नाही. बँक, रेशन, परीक्षेचे निकाल असं सगळं सॉफ्टवेअरवर सोपवलेल्या देशात हे इंजिनियरला माहीत नको?

नंतर एडगर कॉड यांचा १९७० चा पेपर घ्या. डेटाबेसचे टेबल, की, जॉइन हे जे तुम्ही परीक्षेपुरतं पाठ करता, ते मुळात कशासाठी सुचलं हे त्यात आहे. डेटा मशीनच्या आत कसा ठेवलाय याच्याशी वापरणाऱ्याला देणंघेणं नसावं, एवढ्यासाठी.

पैशांची सबब चालणार नाही. एसीएम या संस्थेने १९५१ ते २००० मधलं आपलं जुनं भांडार २०२२ मध्ये सगळ्यांना फुकट खुलं केलं. थॉम्पसन आणि कॉड दोघेही त्यात आहेत. इंग्रजीची भीती वाटते? दोघा-तिघांनी मिळून रोज एक पान वाचा, अडलेला शब्द मोबाईलवर बघा.

थॉम्पसनच्या तीन पानांच्या दहा प्रिंट मी काढून ठेवल्यात. ज्याला हवी त्याने कमेंटमध्ये नाव टाका. गाइड सरांनाही चालेल.