उतरायचं नाही, चढायचं नाही

टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर अडकलेला बेळगावकर दोनच कामं करतो. एक तर घड्याळ बघतो, नाहीतर शेजारच्या स्कूटरवाल्याची विचारपूस करतो. गाडी शहराच्या पोटातून निघून जाते, फाटक उघडतं आणि आपण सुटलो म्हणत पुढं निघतो. त्या रुळांचा आपल्या रोजच्या जाण्यायेण्याशी काही संबंध असू शकतो, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. ते आलं गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत, जर्मनीतल्या कार्ल्सरूह या शहरात.

धाकटा भाऊ तिथं नोकरीला आहे. भावजय धारवाडची, त्यामुळे घरात मराठी आणि कन्नड दोन्ही सुखानं नांदतात. मी गेलो तेव्हा तिची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अव्वा, तिथंच होत्या. वय सत्तरीपुढचं, गुडघे कुरकुरणारे आणि जर्मन भाषेतला शब्द येतो एकच, 'डांके'. तरी त्या एकट्या ट्रामनं फिरायच्या. मी नवल केलं, तर म्हणाल्या, "भ्यायचं काय त्यात? इळ्यूदिल्ल, हत्तूदिल्ल." मधे उतरायचं नाही, दुसऱ्या गाडीत चढायचं नाही. बसलं की बसलं.

अव्वांच्या या दोन शब्दांत एका शहराचं सगळं नियोजन आलं, हे मला नंतर कळलं.

कार्ल्सरूह काही महानगर नव्हे. लोकवस्ती तीन लाखांच्या आसपास. १७१५ साली एका राजानं वसवलेलं, राजवाड्यापासून रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले. मोटारगाडीचा जनक कार्ल बेंझ याचा जन्म इथलाच, आणि सायकलीची पूर्वज म्हणावी अशी दुचाकी १८१७ मध्ये चालवून दाखवणारा कार्ल ड्राइसही इथलाच. अशा गावानं नाव कमावलं ते मात्र ट्रामसाठी.

त्याचं मूळ एका अडचणीत आहे. १९१३ मध्ये तिथलं मुख्य रेल्वे स्टेशन शहराच्या मध्यातून हलवून दक्षिणेला नेलं गेलं. बाजारपेठ राहिली सुमारे दोन किलोमीटर लांब. आसपासच्या गावांतून रेल्वेनं येणाऱ्याला स्टेशनवर उतरून पुन्हा ट्राम धरावी लागे. माणूस फार अंतराला कंटाळत नाही, मधल्या उतरचढीला कंटाळतो. ज्याला जमलं त्यानं मोटार घेतली.

यावर डीटर लुडविग या तिथल्या वाहतूकप्रमुखानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरळ विचार केला. प्रवाशाला गाडी बदलायला लावण्याऐवजी गाडीनंच मार्ग बदलावा. शहराची ट्राम आणि रेल्वे, दोन्हींच्या रुळांची रुंदी सारखी होती. अडसर होता विजेचा. ट्रामला ७५० व्होल्टची एकदिश वीज, रेल्वेला १५ हजार व्होल्टची प्रत्यावर्ती. मग दोन्हींवर चालणारी गाडी तयार करून घेतली आणि २५ सप्टेंबर १९९२ रोजी कार्ल्सरूह ते ब्रेटन हा मार्ग सुरू झाला.

अव्वांबरोबर मी त्याच मार्गानं गेलो. बाजार चौकाखालच्या थांब्यावर बसलो. शहर सरलं, ग्रोएट्सिंगन मागं पडलं आणि आमची ट्राम बघता बघता रेल्वेगाडी झाली. दोन विजांच्या हद्दीवर गाडी काही क्षण वीज न घेता, आधीच्या वेगावरच पुढं सरकते, मग दुसरी वीज घेते. आत बसलेल्याला पत्ताही लागत नाही. मला आमच्याच घरांची आठवण झाली. स्वयंपाकघरात मराठी, अंगणात कन्नड, आणि मधल्या उंबऱ्यावर कुणी अडखळत नाही!

ब्रेटनमध्ये जुन्या स्टेशनाखेरीज गावाच्या मध्याजवळही थांबा आहे. वाटेतही छोट्या वस्त्यांना थांबे मिळाले. ट्राम हलकी, लवकर थांबते, लवकर वेग घेते, म्हणून हे परवडतं. मार्ग सुरू झाल्यावर प्रवासी काही पटींनी वाढले. पुढं हेच जाळं हाइलब्रॉनपर्यंत गेलं आणि जगभरचे नियोजनकार 'कार्ल्सरूह नमुना' म्हणून ते बघायला येऊ लागले.

सगळं गोड आहे असं नाही. ट्राम इतक्या वाढल्या की मुख्य बाजारपेठेत त्यांचीच भिंत उभी राहू लागली. शेवटी त्या जमिनीखाली न्याव्या लागल्या. तो बोगदा डिसेंबर २०२१ मध्ये खुला झाला, पण अंदाजापेक्षा किती तरी जास्त पैसा आणि वर्षं खाऊन. लांबच्या लोहमार्गावरचा उशीर शहरातल्या थांब्यापर्यंत पोचतो, ही तक्रारही भावाकडून ऐकली.

तरीही परतीच्या गाडीत मला आठवत राहिली ती माझी एक विद्यार्थिनी. खानापूर तालुक्यातल्या आडगावची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला वर्गात दुसरी आलेली. दुसऱ्या वर्षी दाखला मागायला वडिलांबरोबर आली. वडील म्हणाले, "सर, गावातनं खानापूर, खानापुरातनं बेळगाव, तिथनं कॉलेज. तीन गाड्या. पोरगी घरी येईस्तोवर अंधार." २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचं तिकीट पडत नाही, म्हणजे पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न त्या दोन उतरचढींचा होता. मी अर्जावर सही केली. आणखी काय करणार होतो?

खानापूर ते बेळगाव लोहमार्ग आहेच. शहरात तो कॉलेजांच्या वस्तीजवळून जातो, पण शहरात स्टेशन एकच. कार्ल्सरूहची ट्राम उचलून इथं ठेवता येणार नाही, हे मलाही कळतं. आपले रूळ जास्त रुंद, मार्गावर लांब पल्ल्याच्या गाड्या आणि जड मालगाड्या. पण त्यामागचा प्रश्न तर उचलता येईल: माणूस घरातून निघून नेमका कुठं जातो, आणि वाटेत किती वेळा उतरतो?

२०१९ मध्ये केंद्र सरकारनं 'मेट्रोलाइट' या नावानं हलक्या शहरी रेल्वेचे निकष ठरवले. मेट्रो न परवडणाऱ्या शहरांसाठीच ते आहेत. शेजारी हुबळी-धारवाडमध्ये सुमारे २२ किलोमीटरच्या मार्गावर २०१८ पासून 'चिगरी' बस धावू लागली. तिच्यावरून वाद आहेत, पण दोन गावं मिळून एक विचार करता येतो, एवढं तिनं दाखवलं. आपण धारवाडला रेल्वेनं जायचं तर अजून लोंढ्याचा वळसा घेतो. कित्तूरमार्गे थेट लोहमार्ग मंजूर आहे. त्याचे थांबे ठरताना बाजार, दवाखाना आणि कॉलेज कुठं आहे हे कुणी विचारलं, तर रूळ टाकल्याचं सार्थक होईल. नंतर विचारून उपयोग नाही. स्टेशन एकदा चुकीच्या जागी बांधलं की काय होतं, ते कार्ल्सरूहनं जवळजवळ ऐंशी वर्षं भोगलं.

अव्वा आता धारवाडला परतल्या आहेत. परवा फोनवर म्हणाल्या, बेळगावला यायचं आहे, पण स्टँडवरून तुमच्या घरापर्यंत पुन्हा रिक्षा, नको वाटतं. मी म्हटलं, "अव्वा, मी न्यायला येतो." दुसरं काय म्हणणार?

काल पुन्हा गेटवर थांबलो होतो. गाडी गेली. घड्याळ मात्र बघितलं नाही. रुळांकडे बघत राहिलो.