दिसला की बिघडला

पी-५३ या प्रथिनाचा मुक्काम केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत आहे, आणि तरी निरोगी पेशीत त्याला शोधायला जावं तर तो जवळपास सापडतच नाही. सापडणार कसा? तयार होतो न होतो तोच त्याला मोडीत काढायची व्यवस्था पेशीनं करून ठेवलेली असते. सतराव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर याचं जनुक आहे. त्याच्या सांगण्यावरून पेशी ३९३ अमिनो आम्लांची साखळी सारखी विणत राहते, आणि एमडीएम-२ नावाचं दुसरं एक प्रथिन या ताज्या मालावर तेवढ्याच चिकाटीनं ‘रद्द’चा शिक्का मारत राहतं. अर्ध्याएक तासात निम्मा माल संपलेला असतो. आणखी गंमत म्हणजे हे एमडीएम-२ बनवण्याचा हुकूम सोडतो कोण, तर खुद्द पी-५३. आपल्याच मारेकऱ्याला पगारावर ठेवणारा असा दुसरा इसम माझ्या तरी माहितीत नाही.

ही उधळपट्टी वाटते खरी, पण तिच्यातच त्याची सगळी चपळाई आहे. डीएनएचा धागा तुटला, की वेळ फार थोडा असतो. पेशी दुभंगायच्या तयारीत असेल तर सहाशे कोटींहून जास्त अक्षरजोड्यांची नक्कल सुरू होणार, आणि तुटक्या धाग्याची नक्कल झाली की चूक दोन घरांत गेली. अशा वेळी जनुक वाचा, साखळी विणा, घडी घाला, एवढं सगळं पहिल्यापासून करत बसायला सवड कुणाला? त्यापेक्षा मोडीत काढणं थांबवलं की झालं. एटीएम नावाचं प्रथिन तुटलेलं टोक ओळखतं, पी-५३ला फॉस्फेटची खूण लावतं, एमडीएम-२ची पकड सुटते, आणि एरवी नावालाही नसलेला हा गृहस्थ बघता बघता केंद्रकभर होतो.

तो एकेकटा काम करत नाही. चौघे एकमेकांना धरून एक चौकडी होते, आणि मग ती डीएनएवर ठरलेल्या जागी जाऊन बसते. थापी मात्र स्वतः हातात घ्यायची नाही. हा जातीचा मुकादम. पी-२१ या प्रथिनाला उठवायचं, त्यानं विभाजनाचं चाक नक्कल सुरू होण्याआधीच अडवायचं, दुरुस्तीवाल्यांनी तोवर धागा सांधायचा. सांधला गेला, की वर आलेलं एमडीएम-२ याला पुन्हा खाली बसवतं. नाहीच सांधला, तर मात्र याचं दुसरं रूप दिसतं. हा प्यूमा, बॅक्स अशा मंडळींना हाक मारतो, मायटोकाँड्रियाला भोकं पडतात आणि पेशी निमूटपणे मरते. उन्हानं कातडी करपते तेव्हा तिच्यातल्या कितीतरी पेशी याच हुकुमानं जातात. दुरुस्त होत नसेल तर वंश वाढवू नको, एवढा त्याचा कायदा.

अशा माणसाच्या नावावर पहिली दहा वर्षं मात्र गुन्हा लागलेला होता. १९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड, प्रिन्स्टनमध्ये अर्नोल्ड लेव्हाइन आणि आणखी काही जण एसव्ही-४० या विषाणूचा अभ्यास करत होते. प्राण्यांत गाठी उठवणाऱ्या त्या विषाणूचं प्रथिन पकडलं, की त्याला बिलगलेला हा हमखास सापडे. चोरासोबत पकडला गेला म्हणजे साथीदारच, असा समज झाला. पुढे त्याचं जनुक वेगळं काढून पेशींत घातलं तर पेशी खरोखरच चेकाळल्या, म्हणजे पुरावाही हाती आला! घातलेल्या प्रती मुळातच बिघडलेल्या होत्या, हे कळायला १९८९ उजाडावं लागलं. त्या वर्षी बाल्टिमोरमध्ये बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवून दिलं, की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये या जनुकाची एक प्रत हरवलेली आणि उरलेली बिघडलेली असते. लेव्हाइन यांच्याकडेही धड प्रत घातल्यावर पेशी आवरल्या. गुन्हेगार अर्बुदरोधक, म्हणजे गाठी रोखणारा, ठरला. नावातल्या ५३ या आकड्यालाही तसा अर्थ नाही. वजन भरतं ४४ हजार डाल्टनच्या आतबाहेर, पण साखळीत प्रोलीन जास्त, म्हणून जेलमधून तो रखडत जातो आणि ५३ हजारांचा वाटतो.

१९९२ साली लेन यांनीच त्याला जनुकसंचाचा रखवालदार म्हटलं आणि ते नाव चिकटलं. मला ते पुरतं पटत नाही. रखवालदार दारात उभा दिसला की आपल्याला हायसं वाटतं. याचं अगदी उलट आहे.

ते पाहायचं तर पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाशी जावं. बायॉप्सीच्या पातळ कापावर पी-५३ शोधणारी प्रतिपिंडं सोडतात. जिथे तो असेल तिथे तपकिरी रंग चढतो. निरोगी भागात एखादं केंद्रक फिकट तपकिरी, शेजारचं निळंच, पुढचं किंचित गडद, असा विस्कळीत मामला असतो आणि तोच बरा. कॅन्सरच्या भागात सरकलं की केंद्रकामागून केंद्रक गच्च तपकिरी. नवख्याला वाटेल, वा, काय बंदोबस्त आहे! जाणता पाहणारा लिहितो, पी-५३ बिघडलेला. कारण बिघडलेल्याला हुकूम सोडता येत नाही, त्यामुळे एमडीएम-२ पुरेसं बनत नाही, मोडीत काढणारं पुरेसं कुणी उरत नाही, आणि निकामी माल साचत जातो. कधी उलटही होतं. गाठीत रंगाचा टिपूस नाही, शेजारच्या निरोगी पेशींत मात्र तुरळक आहे. तिथे जनुकाची वाचाच बसलेली असते.

साचलेला माल नुसता पडून राहिला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण चौकडीची सवय जात नाही. एका प्रतीतून बिघडलेले आणि दुसरीतून धड असे दोन्ही एकत्र निघाले, की चौघांत एखादा नादुरुस्त शिरतोच आणि सगळ्या चौकडीचा कारभार ढिला करतो. बिघाडाच्या जागाही ठरलेल्या आहेत. साखळीतली १७५, २४८, २७३ ही स्थानं पुन्हा पुन्हा सापडतात. यांतली शेवटची दोन तर डीएनएला थेट हात लावणारी. तंबाखूच्या धुरातला बेंझोपायरीन नेमका २४८ आणि २७३च्या अक्षरांशी जाऊन चिकटतो, हे १९९६ साली दिसून आलं. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये पी-५३ मोडलेला आढळतो, आणि तंबाखूनं होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये, जो आपल्याकडे घराघराला ठाऊक आहे, सर्वांत जास्त वेळा बिघडलेलं जनुक याचंच.

मग तो भरपूर असलेला बरा, असंही नाही. २००२ साली याचा जोर वाढलेले काही उंदीर तयार झाले. त्यांना गाठी फारशा झाल्या नाहीत, पण हाडं ठिसूळ, कातडी पातळ, आणि म्हातारपण अकाली. कडक शिस्तीची किंमत असते. (हत्तीला मात्र या जनुकाच्या चाळीसेक प्रती बाळगूनही काही बाधत नाही. आपल्याकडे दोनच.)

काही कॅन्सरमध्ये तर याचं काहीच बिघडलेलं नसतं. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ साली बाल्टिमोरमध्ये घेतलेल्या हेला पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. त्यांच्यातलं पी-५३चं जनुक धडधाकट आहे. फक्त एचपीव्ही-१८ या विषाणूचं ई-६ प्रथिन एमडीएम-२पेक्षाही तत्परतेनं याला मोडीत धाडतं. बनला की गेला, बनला की गेला. प्रयोगशाळेत या ई-६चा आवाज बंद केला, की इतकी वर्षं सतत बनून सतत मारला गेलेला पी-५३ साचू लागतो, पी-२१ला उठवतो, आणि १९५१पासून न थांबलेल्या त्या पेशी दुभंगायच्या थांबतात. काही मरूनही जातात.