पंचवीस तारीख

शाहूपुरीत आमच्या घराला लागूनच मावशींचं घर होतं. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, म्हणजे डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली उभारलेल्या रुग्णालयात, त्या नर्सिंग शिकल्या आणि पुढं कोल्हापुरातच नोकरी केली. नाताळच्या सकाळी वायल्डर मेमोरियल चर्चमधून आल्या, की पहिलं ताट आमच्याकडं यायचं. करंज्या, चकल्या, रव्याचा केक आणि वर क्रोशाचा रुमाल. ताटाच्या काठावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. आईनं ते ताट रिकामं कधी परत केलं नाही. संक्रांतीला तिळगूळ घालून ते जायचं, पाडव्याला पुन्हा यायचं. ते नेमकं कुणाच्या घरचं, हे आम्हा मुलांना काठावरचं नाव वाचल्यावरच कळायचं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. आमचं घर कोरडं राहिलं, पण हाकेच्या अंतरावरची माणसं शाळांमध्ये राहायला गेली होती. मी कपाट उपसून जुन्या कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि मावशींना म्हटलं, "चला, देऊन येऊ."

त्यांनी गाठोडं सोडलं. एका सदऱ्याची दोन बटणं तुटलेली होती. काही न बोलता त्यांनी सुईदोऱ्याचा डबा काढला. तेव्हा त्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या होत्या. सुईत दोरा मी ओवून दिला, बटणं त्यांनीच लावली. मग एक फाटका परकर बाजूला काढत म्हणाल्या, "ह्याची पायपुसणी कर. घेणाऱ्याला वाटलं पायजे, कुणीतरी आपला विचार केलाय." मला फार लाजल्यासारखं झालं. मी माझं कपाट रिकामं करत होते. समोरच्या माणसाचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. त्या रात्री आम्ही दोघींनी सगळे कपडे धुतले, वाळवले, इस्त्री केले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नेले.

त्या नाताळला मावशी ताट हातात देत असताना मी म्हणाले, "मावशी, नाताळसारखं वर्षभर का होत नाही हो?" त्या लगेच म्हणाल्या, "पंचवीस तारीख दर महिन्याला येती की गं!"

ते वाक्य मला सोडेना. दर महिन्याला काय करता येईल, याचा विचार करताना कर्मवीर भाऊराव पाटील आठवले. ते आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे. त्यांच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी बायका दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढत. त्याला मुष्टिफंड म्हणत. मीही तांदळाच्या डब्याशेजारी एक रिकामा डबा ठेवला. भात टाकण्याआधी एक मूठ त्यात टाकायची. महिन्याला दीड किलोच्या आसपास तांदूळ साठतो आणि घरात कुणाच्या पानात काही कमी पडत नाही.

पंचवीस तारखेला त्याचा मसालेभात करून मी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नेते. गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडून आलेले नातेवाईक तिथं पायऱ्यांवर बसलेले असतात. आजाऱ्याची सोय होते, पण त्याच्यासोबत आलेला माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढतो. आता मी आधी शेजारी बसते, कुठल्या गावचे, कोण आजारी आहे, ते विचारते आणि मग डबा उघडते. कुणाला फोन लावून हवा असतो, कुणाला नुसतं बोलायचं असतं. भात संपतो, तरी उठावंसं वाटत नाही.

आजऱ्याकडच्या एक काकू तिथंच भेटल्या. त्यांचे मालक दवाखान्यात होते. रात्रीला होईल म्हणून मी त्यांना एक डबा ठेवून घ्यायला लावला. पुढच्या महिन्यात मी गेले, तर त्या त्याच पायरीवर बसलेल्या. मालकांना फेरतपासणीला आणलं होतं. पिशवीतून माझा डबा काढून त्यांनी हातात दिला. तो जड लागला. उघडला, तर आत घनसाळ तांदूळ! त्याचा तो सुगंध लगेच आला.

"अहो, हे कशाला?"

"रिकामा डबा कसा देऊ, ताई?"

मावशी आता नाहीत. नाव कोरलेलं ते ताट माझ्या फडताळात आहे. त्या दिवशी घरी आल्यावर घनसाळ आधी त्या ताटात ओतला, निवडला आणि मुठीच्या डब्यात घातला. पुढच्या पंचवीस तारखेचा भात त्याचाच झाला.