नवीन पनवेल : खाऱ्या मातीवर उभी राहिलेली माणसे

वाळवंट, ध्रुवप्रदेश, हिमालयाची शिखरे यांची माहिती आपली मुले भूगोलाच्या पुस्तकात वाचतात. बर्फात माणूस कसा राहतो, लडाखचा शेतकरी वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर जव कसा पिकवतो, हे ती पाठ करतात. परंतु आपण जेथे राहतो ती जमीनही माणसाला सहज थारा देणारी नव्हती, हे त्यांना कोणी सांगत नाही.

नवीन पनवेलच्या वाचकांनी एकदा आपल्या भागाचा नकाशा उघडून पाहावा. पूर्वेच्या बाजूला माथेरान व प्रबळगडाचे डोंगर, पश्चिमेला खाडी आणि मधल्या पट्ट्यात आपली वस्ती. वर्षाचा सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस येथे चार महिन्यांत कोसळतो. डोंगराचे पाणी गाढी नदीतून खाली धावते. त्याच वेळी भरती असेल तर समुद्राचे पाणी खाडीतून वर चढते. दोन्ही पाण्यांची गाठ याच सखल भागात पडते. पावसाळा सरला की उलटा प्रकार. उन्हाने जमिनीतील ओल वर येते, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. मे महिन्यात खाडीकाठच्या शेतांवर पांढरा थर दिसतो तो याच मिठाचा.

अशा जमिनीवर भात पिकवायचे कसे? पनवेल, पेण, अलिबागच्या कष्टकऱ्यांनी त्याचे उत्तर शोधले. खाडीचा चिखल हातोहात देऊन त्यांनी बांध घातले. बांधात उघाडी बसवली. भरती आली की पाण्याच्या दाबानेच उघाडीचे दार मिटते, ओहोटी लागली की आतले पाणी ते दार ढकलून बाहेर पडते. पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ विरघळते आणि उघाडीतून निघून जाते. मग भाताची पेरणी. उधाणाने बांधाला खांड पडली तर घरटी एक माणूस कामाला येई. या सामुदायिक पद्धतीला ‘जोळ’ म्हणत. खांड वेळीच बुजवली नाही तर एकाचे नव्हे, सगळ्या गावाचे शेत खारे होणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

बियाणेही या लोकांनीच निवडले. ‘काळा राता’ व ‘भुरा राता’ हे मीठ सोसणारे भात पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. पुढे कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने फिलिपाइन्समध्ये तयार झालेल्या आय. आर. ८ या जातीशी भुऱ्या रात्याचा संकर केला आणि ‘पनवेल-१’ हे वाण दिले. शास्त्रज्ञांच्या या वाणाचा अर्धा वारसा अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यांनी राखलेला आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

आता एका विद्वानाचे म्हणणे पाहा. एल्सवर्थ हंटिंग्टन हे अमेरिकेच्या येल विद्यापीठातील भूगोलतज्ज्ञ. १९१५ साली त्यांनी ‘सिव्हिलायझेशन अँड क्लायमेट’ हा ग्रंथ लिहिला. थंड, बदलत्या हवेत माणसाची बुद्धी व उत्साह वाढतो. उष्ण, दमट प्रदेशातला माणूस मंद राहतो, असा त्यांचा सिद्धांत. म्हणजे कोणत्या प्रदेशात जन्मलात यावरून तुमची कुवत ठरली! कोणत्या जातीत जन्मलात यावरून लायकी ठरवणारे शास्त्र आपण पुरेपूर भोगले आहे. त्यामुळे या विचारातली खोट आपल्याला लगेच उमगते. फ्रान्सचे भूगोलतज्ज्ञ विदाल द ला ब्लाश यांनी वेगळी मांडणी केली होती. निसर्ग माणसापुढे अनेक शक्यता ठेवतो, त्यातून काय घडवायचे ते माणूस ठरवतो. पनवेलचा बांध त्यांच्या बाजूने साक्ष देतो.

पण जमीन घडवणाऱ्याला तिचे फळ मिळतेच असे नाही. खारेपाटात बांध घालणारा कूळ होता आणि पिकाचा मोठा वाटा खोताकडे जाई. त्याविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. तो १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

१९७० साली सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले. गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. आपण ज्या शहरात हप्ते फेडून घर घेतले, त्याच्या पायात हा घामही आहे आणि हे रक्तही आहे.

शहर झाले तरी भरती-ओहोटी थांबलेली नाही. सिडकोने वाशी, नेरूळ, बेलापूर, कळंबोली येथे धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी दारे बंद ठेवायची, पावसाचे पाणी तलावात साठवायचे आणि ओहोटीला सोडायचे. जुन्या उघाडीचीच ही मोठी आवृत्ती. मात्र तलाव गाळाने भरला, नाला बुजवला, खारफुटी तोडली, तर पाणी घरात शिरते. २६ जुलै २००५ रोजी गाढीकाठच्या वस्त्यांनी ते पाहिले. अशा वेळी पहिल्यांदा बुडते ते तळमजल्यावरचे आणि नदीकाठच्या झोपडीतले कुटुंब.

म्हणून बंधू-भगिनींनो, घर घेताना किंवा भाड्याने राहताना येथे पूर्वी शेत होते, नाला होता की खाजण, हे जुन्या गावकऱ्यांना विचारा. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. मे महिना संपण्यापूर्वी नाल्याचा व तलावाचा गाळ निघाला का, याची चौकशी वसाहतीतील चार-पाच कुटुंबांनी मिळून महानगरपालिकेत व सिडकोत लेखी अर्ज देऊन करा आणि अर्जाची पोच घ्या. पूर्वी जोळीला घरटी एक माणूस येत असे. आता घरटी एक सही हवी आहे.