कोणी सांगितलं?

चौथीच्या वर्गाला प्रकल्प दिला की तो दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातून तयार होऊन येतो. 'आपल्या परिसरातील पक्षी' म्हटलं तर रंगीत प्रिंट, कडेला चमकी, खाली मोठ्या भावाच्या अक्षरात चार ओळी. त्यात पेंग्विनही असतो. वैनगंगेच्या काठी कुणाला पेंग्विन दिसला असेल तर मला जरूर कळवावं. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, नोंदवहीत प्रकल्पाचा रकाना आला, आणि रकाना म्हटला की तो भरावाच लागतो. पोरं हुशार, पालक त्याहून हुशार. दुकानदाराकडे तर इयत्तेप्रमाणे फायली तयार.

मूल स्वतः काय शोधून आलं, हे मात्र त्या गुळगुळीत कागदावर कुठेच सापडत नाही.

मी भंडारा जिल्ह्यातल्या वरठीत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात शेतकरी-शेतमजुरांची पोरं आहेत, तशी सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यात कामाला आलेल्या कुटुंबांचीही. कुणाच्या घरी झाडीबोली, कुणाच्या हिंदी, कुणाच्या छत्तीसगढी. 'संशोधन' हा शब्द यांच्यासमोर काढायचाच नाही, असं मी ठरवलं होतं. मला हवा होता एक प्रश्न, ज्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, पण गावात हिंडून थोडंफार तरी हाती लागेल.

तो एका मुलीनेच आणला. "मॅडम, टेशन आपल्या वरठीत, मंग नाव भंडारा रोड काहून?"

मी उत्तर दिलं नाही. आधी प्रत्येकाने आपला अंदाज लिहायचा, असं सांगितलं. कुणी लिहिलं, इंग्रज साहेब भंडाऱ्याला राहत होता म्हणून. कुणी लिहिलं, पाटी रंगवणारा चुकला. एकाने लिहिलं, वरठी हे नाव फार लहान, एवढ्या मोठ्या पाटीवर शोभलं नसतं. वर्ग खदाखदा हसला. मला मात्र तोच अंदाज सगळ्यांत कामाचा वाटला, कारण तो तपासता येत होता. मामाकडे नागपूरला जाणाऱ्या एका पोराने लगेच हात वर केला, "मॅडम, नागपूरकडे जाताना पुढचं टेशन खात आहे. दोनच अक्षरं!" अंदाज तिथेच आडवा झाला. ज्याचा होता तोही हसला आणि आपल्या वहीत स्वतःच त्यावर काट मारली. आपलं म्हणणं खोटं ठरलं तरी नाक कापलं जात नाही, हे मी व्याख्यान देऊन कधीच शिकवू शकले नसते.

मग वहीत चार रकाने आखले. काय कळलं? कोणी सांगितलं? त्यांना कसं माहीत? दुसऱ्या कुणी तेच सांगितलं का? चौथीच्या पोराला पेलेल एवढंच. तरी तिसरा रकाना महाग पडला. मोठ्या माणसाला 'तुम्हाला कसं माहीत' विचारणं म्हणजे आगाऊपणा, असं आपल्याकडे घराघरात शिकवलेलं असतं. म्हणून वर्गात सराव घेतला. आधी नमस्कार, मग आपलं नाव आणि शाळा सांगायची, मग विचारायचं, "तुम्ही स्वतः पाहिलं, की कुणाकडून ऐकलं?" याने कुणाला राग येत नाही. उलट माणूस खुर्चीत सावरून बसतो. आणखी एक ताकीद होती, उत्तर आपणच पुरवायचं नाही. "साहेब भंडाऱ्याला राहत होता ना?" असं विचारलं की समोरचा हमखास मान डोलावतो.

गाडीतून उतरलेली माणसं पुढे कशाने जात, हे विचारायला स्टेशनकडच्या वस्तीतल्या एका आजींकडे दोघं पोरं गेली. परत आली ती भांडतच. एकाच्या वहीत 'टांगा', दुसऱ्याच्या वहीत 'रेंगी', म्हणजे छोटी बैलगाडी. दोघांनीही एकाच आजींचं, एकाच वेळी ऐकलेलं. मी म्हटलं, पुन्हा जा. दुसऱ्यांदा गेल्यावर आजींनी खुलासा केला. "माह्या बापाची रेंगी होती, बाबू. गाडी यायच्या वक्ताले टेशनावर उभी ठेवे. सामान आमच्या रेंगीत, अन् भंडाऱ्याचे वकीलबिकील टांग्यात." तिसऱ्या रकान्यात पोरांनी लिहिलं, 'स्वतः पाहिले. लहानपणी रेंगीत बसत होत्या.' चौथा रकाना रिकामा होता. तो भरायला ती पोरं आणखी दोन घरं हिंडली, मी न सांगता.

म्हणजे या स्टेशनावर उतरून माणसं भंडाऱ्याला जात होती. आता अंतर. भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा खाली उतरवला, वरठीपासून भंडाऱ्यापर्यंत दोरा वळणावळणाने ठेवला आणि प्रमाणपट्टीवर मोजला. सुमारे 10 किलोमीटर. तेवढ्यात दोरा धरणाऱ्या मुलीची नजर वर गेली. रुळाच्या रेषेवर तुमसर रोड, आणि तुमसर गाव मात्र बाजूला. तुमसर रोडचं स्टेशन आहे देव्हाडीत! पोरं नकाशावर अक्षरशः ओणवी झाली. नाशिक रोड मी सांगितलं, अबू रोडही. जे मोठं गाव रुळावर नाही, पण ज्याकडे जायचा रस्ता या स्टेशनावरून निघतो, त्याचं नाव स्टेशनाला, असा नियम पोरांनी आपल्या शब्दांत फळ्यावर लिहिला.

नियम लिहून होतो न होतो तोच एकाने खोडा घातला. "पण भंडाऱ्यातही रूळ होते. माह्या काकानं दाखवले." खरंच होते. वरठीहून भंडारा शहरातून जवाहरनगरच्या आयुध निर्माणीकडे जाणारी ती लाईन. पोरं काकांकडे गेली, विचारून आली. ती लाईन कारखान्यासाठी, कारखाना स्वातंत्र्यानंतरचा, आणि स्टेशन तर इंग्रजांच्या काळचं. आधी काय आणि नंतर काय, हे पाहायला कुणी शिकवलं नव्हतं. नियम वाचवायच्या हट्टापायी पोरं तिथवर गेली. मग मी नागपूर-छत्तीसगड रेल्वेची गोष्ट सांगितली. 1880च्या दशकातली मीटरगेज लाईन, नागपूरहून राजनांदगावपर्यंत. 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि तिने ती रुंद केली. मागच्या बाकावरून आवाज आला, "तुम्हाले कोनं सांगतलं, मॅडम?" दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन यावं लागलं.

पुस्तकांचीही उलटतपासणी झालीच. मराठी विश्वकोश आता मोबाईलवर फुकट वाचता येतो. वाईहून निघालेला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली 1976 मध्ये ज्याचा पहिला खंड आला, तोच. त्यात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या मजकुराखाली कुणाचं असतं? हा फरक पोरांना एका नजरेत कळला. पण त्याच विश्वकोशात गोंदिया भंडारा जिल्ह्यात! वर्गात एकच गलका. आमच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात तर भंडारा जिल्ह्याचे सातच तालुके, त्यात गोंदिया नाही. खोटं कोण? कुणीच नाही. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि ती नोंद त्याआधीची. त्या दिवसापासून माझी पोरं कोणतंही पुस्तक हातात घेतलं की आधी सालाचं पान उघडतात. शाळेत आलेल्या एका पाहुण्यांनी भेट दिलेल्या पुस्तकाचंही उघडलं, त्यांच्यादेखतच.

गुगलला माझा विरोध नाही. पण मुलांना तिकडे मी सर्वांत शेवटी नेते. हातात चार माणसांचं सांगणं आणि एक मोजलेला दोरा असला की पोर पडद्यावरच्या उत्तराला बिचकत नाही, त्याच्याशी हुज्जत घालतं. आधी पडदा दाखवला तर मग गावात हिंडायला कुणीच तयार होत नाही, हा माझा अनुभव आहे.

यात वेळ जातो, हे खरं. अभ्यासक्रम मागे राहतो आणि बैठकीत त्याचा जाबही द्यावा लागतो. पण नकाशा, प्रमाण, अंतर, काळाचा क्रम, मुलाखत, शुद्धलेखन हे सगळं त्याच तासांत झालेलं असतं. फक्त पाठाचा क्रमांक टाकता येत नाही. आणि झेरॉक्सच्या दुकानात या प्रश्नाची फाईल मिळत नाही, हा फायदा वेगळाच.

यंदाच्या मुलांनी स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरच्या, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आकडा धरला आहे. तो तिथे कशासाठी लिहितात आणि कुणाच्या कामाचा, याचे अंदाज लिहून झालेत, आता विचारपूस सुरू व्हायची आहे. वरठी-भंडारा भागात कुणी रेल्वेतून निवृत्त झालेले असतील, तर वही घेऊन दारात आलेल्या पोरांना दहा मिनिटं द्या. "कसं माहीत?" विचारलं तर रागावू नका. आणि नक्की आठवत नसेल तर तसंच सांगा. ते लिहायलाही वहीत जागा ठेवली आहे.