गोल्फच्या माहेरीं एक रविवार

गोल्फ या खेळाशीं माझें वैर जुनें. लग्न होऊन मी या घरांत आलें, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारीं पहांटे सहा वाजतां स्वारी काठ्यांची पिशवी खांद्यावर टाकून येरवड्याच्या मैदानाकडे निघाली, ती दुपारीं एकच्या पुढें परत आली. तेव्हांपासून तीस-बत्तीस वर्षें आमच्या घरची रविवार सकाळ अशीच गेली. पोहे केले तर एक बशी झांकून ठेवावयाची. पाहुणे आले तर "ते खेळायला गेले आहेत" असें सांगावयाचें, आणि चाळिशी उलटलेल्या माणसाविषयीं हें वाक्य ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारें हंसूं मुकाट्यानें पाहावयाचें. अर्धा दिवस उन्हांत एक पांढरा चेंडू हांकीत चार-पांच मैल चालावें, आणि जेवतांना त्या चेंडूचें सविस्तर चरित्र घरच्यांना ऐकवावें, यांत काय गोडी आहे हें मला कधींच उमगलें नाहीं. सासूबाई म्हणत, "पत्त्यांपेक्षां बरें." तेवढ्यावर त्यांचें समाधान होई, माझें होत नसे.

अशा बाईनें गोल्फच्या आद्यपीठाविषयीं लिहावयास बसावें, याचें वाचकांस नवल वाटेल. त्याचें कारण असें घडलें. आमची मुलगी नोकरीनिमित्त एडिंबरोस असते. यजमानांचा खेळ प्रथम गुडघ्यांनीं कमी केला आणि पुढें हृदयाच्या शस्त्रक्रियेनें अजीबात थांबविला. काठ्यांची पिशवी त्यांनीं एका भाच्यास देऊन टाकली. त्या दिवशीं ते फारसे कोणाशीं बोलले नाहींत. मुलीकडे जावयाचें ठरलें तेव्हां त्यांनीं एकच मागणें घातलें: "एकदां सेंट अँड्रूज दाखव. खेळणार नाहीं, नुसतें पाहीन." दिवस कोणता, तर रविवार. मी मनांत म्हटलें, परदेशांतसुद्धां माझा रविवार सुटणार नाहीं!

एडिंबरोहून आगगाडी निघाली कीं थोड्याच वेळांत ती फोर्थच्या खाडीवरील प्रचंड लोखंडी पुलावर येते. हा पूल १८९० सालीं खुला झाला. त्याच्या तांबड्या कमानींतून खालीं पाहिलें म्हणजे खाडीचें पाणी इतकें खोल व दूर दिसतें कीं छातींत धस्स होतें. या खाडीचें मी पुढें पुन्हां नांव काढणार आहें, म्हणून ती येथें सांगून ठेवतें. सेंट अँड्रूजला आतां आगगाडी जात नाहीं; तो फांटा १९६९ सालीं बंद झाला. ल्यूकर्स नांवाच्या स्टेशनावर उतरून बसनें जावें लागतें.

गांव लहान, दगडी घरांचें आणि वाऱ्याचें. येथील विद्यापीठ पंधराव्या शतकाच्या आरंभीचें आहे. समुद्राच्या कड्यावर एका अवाढव्य कॅथीड्रलचे भग्न अवशेष उभे आहेत. एके काळीं संत अँड्रूच्या अस्थींच्या दर्शनास येथें दूरदूरचे यात्रेकरू येत. १५५९ मध्यें धर्मसुधारणेच्या लाटेंत तें देवालय लुटलें गेलें व यात्रा संपली. आतां यात्रेकरू येतात ते काठ्यांच्या पिशव्या घेऊन. आपल्याकडे आषाढींत पंढरीच्या वाटेवर पताका दिसतात, तशा येथें स्टेशनापासून पिशव्या दिसूं लागतात. हें पाहून मला हंसूं आलें. पण यजमानांच्या मुद्रेवर जो भाव होता तो पाहून मी तें आवरलें.

रविवारीं सकाळीं आम्ही सर्व मंडळी ओल्ड कोर्सवर गेलों. हें जगांतील सर्वांत जुन्या गोल्फमैदानांपैकीं एक, आणि कीर्तीनें पहिलें. मी अशी कल्पना केली होती कीं दोरखंडाच्या बाहेर उभें राहून दुसऱ्यांचा खेळ पाहावा लागेल. पाहतें तों खेळणारें कोणीच नाहीं! हिरवळीवर बायाबापड्या बाबागाड्या ढकलीत चालल्या होत्या. कुत्रीं धांवत होतीं. दोन म्हातारे काठी टेकीत वाऱ्याला पाठ देऊन गप्पा मारीत होते. कोणी तरुण जोडपें लहानशा दगडी पुलावर उभें राहून छायाचित्र काढवून घेत होतें. मी विचारलें, "आज खेळ नाहीं का?"

"रविवारीं येथें गोल्फ बंद असतो," यजमान म्हणाले. "मोठ्या स्पर्धांचे मोजके दिवस सोडले, तर दर रविवारीं हें मैदान गांवाला फिरावयास मोकळें. ठाऊक होतें म्हणूनच रविवार निवडला."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलें. गोल्फच्या प्रत्यक्ष माहेरीं रविवारची सुटी, आणि आमच्या येरवड्यास मात्र ती कधीं मिळाली नाहीं!

ही रीत पूर्वीं धर्माची होती. रविवार हा प्रभूचा वार. त्या दिवशीं खेळणें स्कॉटलंडच्या कडव्या पाद्र्यांना पाप वाटे. या मैदानाला लागूनच वेस्ट सँड्स नांवाची लांबलचक पुळण आहे. 'चॅरियट्स ऑफ फायर' या १९८१ च्या चित्रपटाच्या आरंभीं तरुण धांवपटू पाण्याच्या कडेनें पळत येतात, तें दृश्य येथेंच घेतलें. ज्या एरिक लिडेलची ती कथा, तो याच देशाचा. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें शंभर मीटरची प्राथमिक शर्यत रविवारीं आली म्हणून तो ती धांवला नाहीं, आणि पुढें चारशें मीटरमध्यें त्यानें सुवर्णपदक मिळविलें. आतां धर्माची ती करडी नजर राहिली नाहीं. गवताला विसांवा मिळतो आणि लोकांना मैदान मिळतें, एवढ्यासाठीं रीत टिकली आहे. ही जमीन कोणा क्लबाची खासगी मालमत्ता नव्हे, ती गांवाची आहे, हें मला तेव्हांच समजलें.

मग यजमानांनीं आम्हांला मैदान दाखविलें. समुद्र मागें हटल्यावर राहिलेली ही वाळवट जमीन. शेतीच्या उपयोगाची नाहीं, म्हणून मेंढ्यांची व पोरांची झाली. वाऱ्यापासून बचाव करण्यासाठीं मेंढ्या अंग चोरून बसत, तेथें वाळू उघडी पडून खड्डे होत, आणि तेच पुढें 'बंकर' झाले, अशी परंपरागत समजूत आहे. असे एकशें बारा बंकर या मैदानावर आहेत. एकाचें तर नांवच नरक! आमची सात वर्षांची नात त्या नरकांत किल्ला करावयास उतरणार होती. तेथें उतरूं नये अशी विनंती असल्यामुळें तिला मोठ्या कष्टानें परत फिरवावें लागलें. मैदान अठरा होलांचें, म्हणजे चेंडू घालावयाच्या अठरा खळग्यांचें. पूर्वीं येथें जातां-येतां मिळून बावीस होल खेळत. १७६४ सालीं ते अठरा केले, आणि पुढें साऱ्या जगानें तोच आंकडा उचलला. बहुतेक हिरव्या चौथऱ्यांवर दोन-दोन खळगे आहेत, एक जातांनाचा, एक येतांनाचा. अशा कोणत्याही जोडीच्या क्रमांकांची बेरीज अठराच येते. दुसरा व सोळावा, तिसरा व पंधरावा. नातीला हा हिशेब इतका आवडला कीं ती पुढच्या जोड्या स्वतःच सांगूं लागली. जो मनुष्य जेवणाच्या पानावर मला कंटाळवाणा वाटे, तो येथें वाऱ्यांत उभा राहून बोलूं लागला तेव्हां ऐकत राहावेंसें वाटलें. तीस वर्षांत मी त्यांच्याबरोबर गोल्फच्या मैदानावर एकदांही चाललें नव्हतें. त्यांनीं बोलावलें नाहीं हें खरें. पण मीं विचारलें नाहीं हेंही खरें.

दुपारीं कॅथीड्रलच्या स्मशानभूमींत गेलों. येथें टॉम मॉरिस या नांवाचे दोन पुरुष विसांवा घेत आहेत, बाप आणि मुलगा. बाप १८६४ पासून या मैदानाचा राखणदार. त्यानें ओपन ही मोठी स्पर्धा चार वेळां जिंकली. मुलगा टॉमी त्याहून अलौकिक: १८६८ सालीं, अवघ्या सतराव्या वर्षीं, त्यानें ती स्पर्धा जिंकली आणि पुढचीं दोन वर्षेंही सोडली नाहीं. लागोपाठ तीनदां जिंकणारास बक्षिसाचा पट्टा कायमचा मिळे, तो त्याला मिळाला. १८७१ सालीं स्पर्धाच भरली नाहीं, आणि १८७२ मध्यें पुन्हां तोच जिंकला. त्याच्या थडग्यावर त्याची कोरीव मूर्ति आहे. डोक्याला टोपी, हातांत काठी, चेंडूवर नजर.

यजमान त्याची गोष्ट सांगूं लागले. १८७५ चा सप्टेंबर. बापलेक फोर्थच्या खाडीपलीकडे नॉर्थ बेरिक येथें सामना खेळत होते. टॉमीची बायको मार्गारेट बाळंतपणास टेकली होती. सामना संपत आला असतां तार आली कीं तिची प्रकृति फार बिघडली आहे. खाडीवर तेव्हां पूल नव्हता. एकानें आपली नौका दिली आणि दोघे पाण्यावरून घरीं निघाले. पोंचले तेव्हां मार्गारेट गेलेली, नुकताच जन्मलेला मुलगाही गेलेला. त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं टॉमीही गेला. वय चोवीस. बाप मात्र १९०८ पर्यंत जगला.

"तार आली तेव्हां दोन होल राहिले होते," यजमान म्हणाले, "ते त्यांनीं पुरे केले." आणि ते एकदम थांबले.

मी कांहीं बोललें नाहीं. आमच्या घरीं एक गोष्ट आहे, ती नातलग हंसत सांगतात. १९८८ सालच्या श्रावणांतील एका रविवारीं सकाळीं मला कळा सुरू झाल्या. शेजारच्या मुलाला सायकलवर येरवड्यास पिटाळलें. हे आले ते खिळ्यांच्या बुटांनिशीं, चिखल-गवत पायांत घेऊन, प्रसूतिगृहाच्या फरशीवर टकटक करीत. आणि तोंवर मुलगी जगांत येऊन वीस मिनिटें झालीं होतीं. बुटांवर सगळे हंसतात. प्रसूति अवघड होती, डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरलेला मीं पाहिला होता, हें त्या गोष्टींत कोणी सांगत नाहीं. माझ्या मनानें पक्कें घेतलें होतें कीं यांनीं अठराही होल पुरे केले आणि मग निघाले. मीं तें कधीं विचारलें नाहीं.

"त्या दिवशीं निरोप आला तेव्हां मी चौदाव्या होलवर होतों," ते थडग्याकडे पाहत म्हणाले. "तो मुलगा तासभर मला मैदानांत शोधीत होता. चेंडू खळग्यापासून दोन हातांवर होता. तो आंत घातला, आणि मग निघालों. दोन मिनिटें गेलीं असतील. पण घातला."

मुलगी थोड्या अंतरावर आपल्या मुलीला दगडावरचीं अक्षरें वाचून दाखवीत होती. वारा फार होता. मीं पिशवींतून थर्मास काढला, त्यांना चहा ओतून दिला, आणि म्हटलें, "साखर कमी आहे, डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणें." दुसरें कांहीं सुचलें नाहीं. छत्तीस-सदतीस वर्षें मी चार होलांचा राग अधिक धरून होतें, आणि हे दोन मिनिटें मनांत घेऊन बसले होते.

सोमवारीं दुपारची बस होती. सकाळीं मुलगी म्हणाली, "आई, तुला हिमालय दाखवतें." मला ती थट्टा वाटली. पण ओल्ड कोर्सच्या शेजारीं खरोखरच 'हिमालय' नांवाचें एक मैदान आहे. नुसत्या उंचवट्यांचें व खळगींचें, जणूं हिरव्या लाटा गोठल्या आहेत. तें सेंट अँड्रूजच्या स्त्रियांच्या पटिंग क्लबाचें. क्लबाची स्थापना १८६७ ची. त्या काळीं कुलीन स्त्रीनें काठी खांद्याच्या वर उचलणें अशोभनीय मानीत, म्हणून बायकांनीं चेंडू फक्त जमिनीवरून हळूच ढकलावा, एवढीच मुभा होती. पलीकडच्या भव्य इमारतींतील रॉयल अँड एन्शंट क्लबानें १७५४ पासून स्त्रियांना सभासदत्व दिलें नव्हतें. तें देण्याचा ठराव २०१४ च्या सप्टेंबरांत झाला. दोनशें साठ वर्षें विचार करावयास लागलीं! बायकांनीं मात्र तोंवर आपल्या वांट्याला आलेल्या तुकड्यावर असें मैदान उभें केलें कीं आज तेथें थोड्या पैशांत काठी व चेंडू घेऊन आजोबांपासून नातवंडांपर्यंत कोणीही खेळूं शकतो. यजमानांच्या डॉक्टरांनाही या खेळास हरकत घेतां आली नसती.

आम्ही चौघें खेळलों. पहिल्या होलला माझा चेंडू टेकाड चढला, माथ्यावर क्षणभर विचारांत पडला, आणि सरळ माझ्या पायांशीं परत आला. नात लोळून हंसली. पण मला हळूहळू कळूं लागलें कीं हात हलका ठेवावयाचा आणि उताराशीं भांडावयाचें नाहीं. पोळी तव्यावर टाकतांना जी नजर लागते तीच येथें लागते. यजमान मुकाट्यानें शिकवीत होते, आणि मी ऐकत होतें. पुढें तर मी चक्क त्यांच्या बरोबरीनें खेळूं लागलें. हें त्यांना रुचलें नाहीं असें मुलीचें मत. मला तसें दिसलें नाहीं.

चौदाव्या होलला नात पाय घसरून पडली आणि आजोबांना हाक मारूं लागली. काळजीचें कांहीं नव्हतें, गुडघ्याला माती लागली होती. मी तिच्याजवळच होतें. तरी यांनीं वांकून आपला चेंडू उचलला, खिशांत टाकला आणि तिकडे चालूं लागले. चेंडू खळग्यापासून फार तर हातभर दूर असेल.

गुणांचें कार्ड मीं पुण्यास आणलें आहे. आंखूड पेन्सिलीनें त्यांनीं सर्वांचे आंकडे मांडले आहेत. त्यांच्या रकान्यांत चौदाव्यापुढें कांहींच नाहीं. नात म्हणते, एक घर रिकामें असलें कीं नियमाप्रमाणें तो गडी बाद. म्हणून आजी जिंकली. यजमानांनींही तो निकाल मान्य केला आहे.