धाराशिव ते लंडन

लेकीकडे लंडनला निघायचं ठरलं, तेव्हा भाच्यानं संगणकावर अंतर काढून दिलं. धाराशिव विमानतळ ते हीथ्रो: साधारण साडेसात हजार किलोमीटर, वेळ नऊ-साडेनऊ तास. "मावशी, सकाळी भाकरी खाऊन निघालीस की चहाला तिकडं!" त्याचंही खरंच. आमच्या धावपट्टीला 'ओएमएन' असा जगमान्य संकेत आहे. तिथून रोजचं प्रवासी विमान उडत नाही, हे यंत्राला कुणी सांगायचं?

सोलापूरहून 2025 मध्ये आधी गोव्याला, मग मुंबईला विमान सुरू झालं. पण त्याची वेळ माझ्या पुढच्या विमानाशी जुळेना, आणि छोट्या विमानात एवढं सामान घेणार कोण? येसर, काळा मसाला, ज्वारीचं पीठ. कुंथलगिरीचे पेढे मात्र घरीच ठेवले. बाहेरून येणाऱ्यांच्या सामानातले दुधाचे पदार्थ ब्रिटन आत घेत नाही. तुळजापूरला जाऊन आईची ओटी भरली आणि रात्रीच्या मुंबई गाडीत बसले.

येडशी गेलं. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या काळी रेल्वेत बसायचं तर धाराशिवहून आधी येडशी गाठावं लागे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी तिथून जायची, शहराला वळसा घालून. रूळ रुंद करताना मार्ग वळवला, तेव्हा कुठं शहराला स्टेशन मिळालं. बार्शी, कुर्डुवाडी, दौंड, पुणे... झोप लागली म्हणेपर्यंत कुणीतरी चहावाला ओरडतोच. सकाळी दादरला उतरले, टॅक्सीनं सहारला. मग सामान, सुरक्षा तपासणी, आणि तीन तास आधी येऊन बसण्याची ती सक्ती.

धाराशिव ते मुंबई सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर भरतं. त्याला माझी अख्खी रात्र आणि वर निम्मी सकाळ लागली. मुंबई-लंडन सुमारे 7,200 किलोमीटर, म्हणजे त्याच्या वीसपट. तेवढ्याला विमानानं दहा तास घेतले, तेही समोरून वारा असताना. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यामुळे जाताना वेळ जास्त लागतो. समोरच्या पडद्यावर वेगाचा आकडा कमी-जास्त होताना दिसत होता. शेजारचा तरुण सिनेमा बघत होता, मी तो आकडा. जेवण दोनदा आलं. दोन्ही वेळा पिशवीतली शेंगाची चटणी काढली, आणि दुसऱ्यांदा त्यानंही मागून घेतली.

उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, म्हणून दुपारी उडालेली मी संध्याकाळीच पोचले. भाच्याला फोन केला तर म्हणतो, "बघ, चहाला पोचलीस ना!"

परतीला वारा पाठीशी असतो, तासभर तरी वाचतो. पण विमान सकाळी उतरतं आणि धाराशिवची गाडी रात्री सुटते. भाच्याच्या यंत्रात मुंबईतला तो अख्खा दिवस कुठंच धरलेला नाही.